प्रमाद आणि प्रवास : महामारीतील विमानयात्रेचा एक नैतिक विचार

महामारीच्या काळात विमानप्रवाशांसाठी काढलेल्या आरोग्यसूचना प्रशासकीय भाषेत लिहिलेल्या असतात. मास्क लावावा, अंतर राखावे, ताप असल्यास घरी थांबावे, आरोग्याविषयीचा अर्ज खरा भरावा, एवढेच त्या सांगतात आणि त्यांचे पालन झाले की नाही हे पाहण्याचे काम विमानतळावरील कर्मचाऱ्यांवर सोपवून मोकळ्या होतात. परंतु या सूचनांच्या मुळाशी एक जुना धार्मिक प्रश्न उभा आहे आणि तो सोडवल्याशिवाय सूचनांचे बंधन नेमके कोणत्या प्रकारचे आहे हे कळत नाही. कोणाला इजा करण्याची इच्छा नसताना, आपण आजारी आहोत हे ठाऊकही नसताना, ज्याचे नाव कधी कळणार नाही अशा माणसाला आपल्या श्वासामुळे रोग झाला आणि तो दगावला, तर ती हिंसा ठरते काय, आणि ठरत असेल तर ती कोणाची?

या प्रश्नासाठी जयपूर हे शहर विशेष उपयुक्त आहे. मार्च २०२० च्या आरंभी राजस्थानात आढळलेला करोनाचा पहिला रुग्ण हा विमानाने भारतात आलेल्या आणि राज्यातील अनेक शहरे पाहत जयपुरात पोहोचलेल्या इटालियन पर्यटकांच्या गटातील होता. त्याच्यावर तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात उपचार झाले. परदेशातून येणाऱ्या सर्वच विमानप्रवाशांची तपासणी करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जाहीर केला तो ४ मार्च रोजी, म्हणजे हा गट देशात येऊन बराच हिंडल्यानंतर. त्याच महिन्याच्या अखेरीस जुन्या शहरातील रामगंज या दाट वस्तीच्या भागात संसर्ग पसरला आणि त्याची साखळीही परदेशातून परतलेल्या एका रहिवाशापर्यंत नेऊन जोडण्यात आली. तोवर आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत प्रवासी उड्डाणे थांबलेली होती. देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू झाली ती २५ मे २०२० रोजी, आणि तेव्हा जयपूरजवळील सांगानेरच्या विमानतळावरही वेब चेक-इन, शरीराच्या तापमानाची तपासणी, एकच मोठी बॅग आणि जेवणाविना प्रवास अशी नवी शिस्त लागू झाली.

जयपूर उपयुक्त ठरण्याचे दुसरे कारण अडीचशे वर्षांपूर्वीचे आहे. दहाव्या शतकातील दिगंबर जैन आचार्य अमृतचंद्र यांचा ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ हा गृहस्थाच्या आचारधर्मावरील संस्कृत ग्रंथ अहिंसेच्या विवेचनासाठी प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकात जयपूरचे पंडित टोडरमल यांनी त्यावर लोकभाषेत, म्हणजे त्या प्रदेशातील ढूंढाडीत, टीका लिहावयास घेतली. टोडरमलांच्या मृत्यूमुळे ती अपुरी राहिली आणि पंडित दौलतराम कासलीवाल यांनी विक्रम संवत १८२७ मध्ये, म्हणजे इ. स. १७७० च्या सुमारास, ती पूर्ण केली. अजाणता घडलेल्या मृत्यूचा दोष कोणाला लागतो हा प्रश्न अशा रीतीने मठातून आणि संस्कृतातून बाहेर पडून जयपूरच्या व्यापारी गृहस्थांच्या भाषेत आला. महाराष्ट्राचाही या परंपरेशी जिवंत संबंध आहे, कारण टोडरमलांच्या नावाने जयपुरात चालणाऱ्या विद्यालयात मराठी मातृभाषेचे जैन विद्यार्थी दीर्घकाळ शिकत आले आहेत.

अजाणता झालेल्या इजेचा न्याय करताना सामान्य विचार दोन टोकांपैकी एका टोकाला जातो. एक टोक हेतूचे आहे : मनात वाईट नव्हते, म्हणून दोष नाही. दुसरे टोक परिणामाचे आहे : माणूस मेला, म्हणून ज्याच्यामुळे मेला तो दोषी. एरवीच्या व्यवहारात या दोहोंपैकी एकावर भागून जाते, कारण एरवी इजा करणारा आणि इजा झालेला समोरासमोर असतात आणि कृतीपासून परिणामापर्यंतचा माग काढता येतो. साथीच्या रोगात मात्र दोन्ही मापे निकामी होतात. हेतूचे माप लावले तर जवळजवळ कोणीच दोषी ठरत नाही, कारण दुसऱ्याला रोग द्यावा म्हणून कोणी विमानात बसत नाही. परिणामाचे माप लावले तर ज्याने सर्व काळजी घेतली पण दुर्दैवाने ज्याच्याकडून संसर्ग झाला तो दोषी, आणि ज्याने ताप लपवून प्रवास केला पण शेजारी सुदैवाने वाचला तो निर्दोष, असा विपरीत निवाडा हाती येतो.

जैन विचाराने या दोहोंमधून वेगळी वाट काढली आहे आणि तिचा आधार ‘प्रमाद’ ही संकल्पना आहे. प्रमाद म्हणजे केवळ चूक नव्हे. जागरूक राहणे शक्य आणि आवश्यक असताना मनाने सैल होणे, हा त्याचा अर्थ. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्याच अशी केली आहे की, प्रमादयुक्त प्रवृत्तीमुळे होणारा प्राणघात ती हिंसा, म्हणजे प्राणघात आणि प्रमाद हे दोन्ही घटक व्याख्येत एकत्र येतात. अमृतचंद्र त्याहून पुढे जातात. जो यथायोग्य सावध आहे आणि ज्याच्या आचरणात राग-द्वेषाचा आवेश नाही, त्याच्याकडून एखादा जीव गेला तरी त्याला हिंसेचा दोष लागत नाही. उलट जो बेसावधपणे वावरतो त्याच्या हातून जीव मरो अथवा न मरो, त्याची हिंसा घडून चुकलेली असते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. नशिबाने मिळालेली सुटका येथे पुण्य म्हणून जमा होत नाही आणि नशिबाने आलेला अपघात पाप म्हणून खर्ची पडत नाही. साथीच्या काळातील प्रवाशाचे नैतिक मोजमाप करण्यासाठी याहून अचूक साधन शोधणे कठीण आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रमादाचे पंधरा प्रकार सांगितले जातात : चार विकथा, म्हणजे निरर्थक गप्पांचे विषय, क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय, म्हणजे मनाला डाग पाडणारे विकार, पाच इंद्रियांचे विषय, निद्रा, आणि शेवटी प्रणय, ज्याचा अर्थ स्नेह किंवा जिव्हाळा असा आहे. या यादीतील दोन नावे विमानप्रवासाच्या संदर्भात थांबून पाहण्यासारखी आहेत. पहिले माया, म्हणजे कपट. तापमान तपासणाऱ्या यंत्रापुढे उभे राहण्याआधी ताप उतरवणारी गोळी घेणे, किंवा स्वयंघोषणेच्या अर्जात ‘लक्षणे नाहीत’ या रकान्यावर खोटी खूण करणे, ही माया होय. आणि तिचा परिणाम असा की यंत्र, कर्मचारी आणि शेजारचा प्रवासी या तिघांचीही सावधगिरी एकाच वेळी फुकट जाते.

दुसरे नाव अधिक अवघड आहे. स्नेहाला प्रमादाच्या यादीत बसवणे प्रथमदर्शनी कठोर वाटते, आणि २०२० व २०२१ या वर्षांत ज्यांनी प्रवास केला त्यांतील कित्येकांनी तो केवळ स्नेहापोटीच केला होता : अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी, दूरच्या शहरात अडकलेल्या मुलासाठी, अखेरचे दर्शन घेण्यासाठी. अशा माणसाला बेसावध म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही शास्त्रकारांनी येथे एक खरी गोष्ट हेरली आहे : लोभाने आंधळा झालेला माणूस स्वतःवर थोडा तरी संशय घेतो, पण प्रेमाने निघालेला माणूस आपली कृती निर्मळ असल्याची खात्री बाळगतो आणि म्हणून घशातली खवखव त्याला प्रवासाची दगदग वाटते. स्नेह प्रवासाचे कारण होऊ शकतो, सावधगिरीतून सुटका मात्र तो देऊ शकत नाही. किंबहुना ज्या आईसाठी प्रवास करायचा तिच्याच खोलीत रोग नेऊन ठेवण्याचा धोका सर्वांत मोठा असतो.

सावधगिरीची मर्यादा कोठपर्यंत, हा पुढचा प्रश्न. जैन मुनींच्या आचारात पाच ‘समिती’ सांगितल्या आहेत; समिती म्हणजे एखादी क्रिया जपून करण्याची रीत. त्यांतील पहिली ‘ईर्यासमिती’ चालण्याविषयी आहे आणि तिच्यात पुढची चार हात जमीन पाहत चालावे असे सांगितले आहे. या नियमाचे मर्म असे की तो अनंत सावधगिरी मागत नाही. डोळ्यांना जेवढे दिसते आणि पावलांना जेवढे टाळता येते तेवढीच मागतो. याचाच अर्थ, दिसण्याची कक्षा वाढली की कर्तव्याची कक्षाही वाढते. फेब्रुवारी २०२० मध्ये एखाद्या पर्यटकाला जे कळणे शक्य नव्हते त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. पण लक्षणे नसलेला माणूसही रोग पसरवू शकतो हे जाहीर झाल्यानंतर ‘मला काही होत नाही’ हे उत्तर पुरेसे राहिले नाही.

विमानाच्या बाबतीत ही दृष्टीची कक्षा आता बरीच स्पष्ट आहे आणि तिच्यातील तपशील प्रवाशाला माहीत असणे हाच ईर्यासमितीचा आजचा अर्थ होय. आधुनिक जेट विमानाच्या प्रवासीकक्षातील हवा तासाला सुमारे २० ते ३० वेळा बदलली जाते. त्यातील जवळपास निम्मी बाहेरून येते आणि उरलेली ‘हेपा’ नावाच्या, अतिसूक्ष्म कणांपैकी ९९.९७ टक्के अडवणाऱ्या गाळण्यांतून फिरवली जाते. म्हणून उड्डाणातील हवा अनेक बंद खोल्यांपेक्षा स्वच्छ असते. परंतु ही यंत्रणा बंद असलेले, जमिनीवर उभे असलेले विमान ही पूर्णपणे वेगळी जागा आहे. १९७७ मध्ये अलास्कात इंजिनातील बिघाडामुळे एक विमान वायुवीजनाविना सुमारे तीन तास खोळंबले, त्यातील ५४ जणांपैकी एकाला इन्फ्लुएन्झा होता, आणि तीन दिवसांच्या आत त्यांतील ७२ टक्के लोक आजारी पडले. शिवाय गाळणी कितीही चांगली असली तरी शेजाऱ्याच्या तोंडातून निघालेली हवा तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी दुसऱ्या शेजाऱ्याच्या नाकापर्यंत पोहोचते. मार्च २०२० च्या पहिल्या दिवशी लंडनहून हनोईला निघालेल्या विमानात खोकला आणि घसादुखी असलेली एकच व्यक्ती चढली होती आणि नंतरच्या तपासात तिच्याखेरीज पंधरा जणांना संसर्ग झाल्याचे आढळले. त्यांतील बहुतेक तिच्याच विभागात बसलेले होते आणि तेव्हा मास्क सक्तीचा नव्हता. रांगेत, बसमध्ये, चढता-उतरताना आणि दारे बंद होऊन विमान थांबलेले असताना मास्क नीट ठेवणे हे उड्डाणातील मास्कइतकेच, कधी त्याहूनही अधिक, महत्त्वाचे का, याचे उत्तर या दोन घटनांत आहे.

मास्कचा विषय निघाला की जैन साधूंच्या मुहपत्तीची आठवण काढली जाते आणि २०२० मध्ये ती भारतभर काढली गेली. स्थानकवासी आणि तेरापंथी श्वेतांबर साधू-साध्वी तोंडावर पांढरे वस्त्र बांधतात. टोडरमलांच्या दिगंबर परंपरेत ही रीत नाही. या वस्त्रावरून प्राचीनांना विषाणू ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे शास्त्रावरही अन्याय आहे आणि धर्मावरही. मुहपत्तीचा हेतू रोगप्रतिबंधाचा नाही. बोलताना निघणाऱ्या उष्ण श्वासाने वायुकायिक, म्हणजे हवा हेच ज्यांचे शरीर मानले आहे अशा जीवांना आणि हवेतील लहान प्राण्यांना इजा होऊ नये, हा तिचा हेतू आहे. साम्य आहे ते दिशेचे. वस्त्र बांधणारा स्वतःला नव्हे तर समोरच्याला वाचवतो, आणि आपले तोंड हेच धोक्याचे उगमस्थान असू शकते असे मानून चालतो. साध्या कापडी किंवा शस्त्रक्रियेच्या मास्कबद्दल वैद्यकानेही मुख्यतः हेच सांगितले. मास्कला भ्याडपणाची खूण मानणाऱ्या प्रवाशाने तो स्वतःसाठी लावायचा असतो असे गृहीत धरलेले असते, आणि त्याच्या चुकीचा उगम तेथेच आहे.

आतापर्यंतचे विवेचन एकेकट्या प्रवाशाचे झाले. परंतु प्रवासी स्वतःची खुर्ची कोठे असावी हे ठरवत नाही. मे २०२० मध्ये परदेशांत अडकलेल्यांना आणणाऱ्या विशेष विमानांत मधली आसने भरली जात असल्याचा आक्षेप एका वैमानिकाने मुंबई उच्च न्यायालयात नेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २५ मे रोजी नागपूरचे सुपुत्र असलेले सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने, विमानाबाहेर सहा फुटांचे अंतर आवश्यक असेल तर आत ते अनावश्यक कसे, असे विचारले आणि सरकारने विमान कंपन्यांच्या प्रकृतीपेक्षा नागरिकांच्या प्रकृतीची चिंता करावी असे सुनावले; तरी तिकिटे दिली गेली असल्याने ६ जूनपर्यंत मधल्या आसनांची मुभा दिली. पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने शक्यतो मधले आसन रिकामे ठेवावे, आणि ते भरावे लागल्यास तेथील प्रवाशाला अंगभर घालण्याचे संरक्षक आवरण द्यावे असे सांगितले, आणि १५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या निर्देशांचे पालन करण्याच्या अटीवर मधली आसने भरण्यास परवानगी दिली.

या प्रकरणात निर्णय बरोबर झाला की चूक, यावर मतभेद राहतील. पण त्यातून दोषाच्या वाटणीचा जो प्रश्न उभा राहतो त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. जैन आचारशास्त्र हिंसा तीन प्रकारे घडते असे मानते : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून मान्य केलेली. अमृतचंद्रांनी असेही दाखवले आहे की हिंसा एक जण करतो आणि तिचे फळ अनेकांना भोगावे लागते, किंवा अनेक जण करतात आणि फळ एकाला मिळते. आसनांची रचना ठरवणारी कंपनी, तिला परवानगी देणारे शासन आणि स्वस्त तिकिटाच्या आनंदात दोघांना दुवा देणारा ग्राहक हे या तिन्ही प्रकारांत कोठे ना कोठे बसतात. आरोग्यसूचनांचा सारा भार मात्र प्रवाशाच्या हातांवर आणि नाकावर टाकला गेला, आणि ही विषमता सूचना लिहिणाऱ्यांनी गांभीर्याने तपासलेली दिसत नाही.

प्रवास मुळात करावा काय, हा प्रश्न सूचनांच्याही आधीचा आहे आणि तो विचारण्याची सवय जैन गृहस्थाला व्रतांनी लावलेली असते. ‘दिग्व्रत’ म्हणजे कोणत्या दिशेला किती अंतरापलीकडे जाणार नाही याची आयुष्यभराची मर्यादा. ‘देशव्रत’ म्हणजे ठरावीक काळापुरती त्याहून लहान मर्यादा. आणि ‘अनर्थदंडव्रत’ म्हणजे ज्यातून काही साधत नाही पण इजा मात्र होते अशा कृतींचा त्याग. मुनी तर पावसाळ्याचे चार महिने एके जागी थांबतात, कारण त्या काळात जमिनीवर जीवांची दाटी असते आणि चालणे म्हणजे मारणे होते. नियम आणि गरज यांची सांगड कशी घालावी याचे उदाहरण राजस्थानातच आहे : पायीच फिरणाऱ्या साधू-साध्वींना वाहनबंदी तशीच ठेवून, दूरदेशी धर्मकार्य करता यावे म्हणून तेरापंथाचे आचार्य तुलसी यांनी १९८० मध्ये लाडनू येथे ‘समण श्रेणी’ स्थापन केली आणि तिच्यातील साधकांना वाहनाने, विमानानेसुद्धा, प्रवासाची मुभा दिली. नियम सर्वांसाठी सैल केला नाही; कोणाला, कशासाठी, किती, हे ठरवून दिले. टाळेबंदीनंतर विमाने सुरू करताना अत्यावश्यक प्रवास कोणता आणि हौसेचा कोणता याचा असाच विवेक प्रत्येक घरात व्हावयास हवा होता.

या सर्व विवेचनावर महाराष्ट्राच्या इतिहासातून एक गंभीर आक्षेप येतो : सावधगिरीच्या नावाने जुलूमही होऊ शकतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार त्यात स्पष्टपणे होता. हाच कायदा २०२० मध्ये पुन्हा हाती घेण्यात आला आणि २२ एप्रिलच्या अध्यादेशाने जहाजांबरोबर बस, रेल्वे आणि विमानेही त्याच्या कक्षेत आणली गेली. पुण्यात १८९७ मध्ये घरझडत्या आणि अंगझडत्या ज्या पद्धतीने झाल्या, त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती तेथील प्लेग अधिकारी रँड याच्या हत्येत झाली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. रोगाविरुद्धची सावधगिरी एका हाताने अपमान करू शकते आणि दुसऱ्या हाताने माणूस उचलून दवाखान्यात नेऊ शकते, हे एकाच शहराने एकाच वर्षी पाहिले.

प्रमादाचा सिद्धान्त या आक्षेपाला उत्तर देतो, कारण तो दोषाचा निकष माणसाच्या अंतर्मनात ठेवतो आणि बाहेरच्याला तेथे सहज प्रवेश देत नाही. एखाद्याला रोग झाला किंवा त्याच्यापासून पसरला, एवढ्यावरून तो बेसावध होता असे म्हणता येत नाही. रामगंजच्या वस्तीकडे किंवा परदेशातून आलेल्या कोणाकडे बोट दाखवणाऱ्यांनी केवळ परिणामावरून न्याय केला, आणि ज्या धर्मविचाराचा अभिमान त्यांतील अनेकांना होता त्यानेच तो न्याय अमान्य ठरवला असता. नियम मोडल्याबद्दल कायद्याने दंड करावा. आजारी पडल्याबद्दल समाजाने दंड करू नये. हा सिद्धान्त अपुरा कोठे पडतो तेही सांगितले पाहिजे : त्याची मुख्य चिंता कर्त्याच्या आत्म्याला लागणाऱ्या कर्मबंधाची आहे, मरणाऱ्याच्या कुटुंबाची नाही, आणि म्हणून त्याला शासनाच्या आणि वैद्यकाच्या नियमांची जोड लागतेच.

या जोडीतील एक दुवा आजही कच्चा आहे. टाळेबंदीच्या काळात काढलेल्या तिकिटांचे पैसे परत करावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १ ऑक्टोबर २०२० रोजी द्यावा लागला, कारण ते सर्वांना आपोआप मिळाले नव्हते. तिकिटाचे पैसे बुडणार असतील तर अंगात कणकण असलेला, मोजक्या पगाराचा माणूस विमानतळावर जाणारच आणि अर्जात खोटी खूण करणारच. त्याच्या मायेत त्याला तेथे ढकलणाऱ्या नियमाचाही वाटा असतो, आणि शास्त्राच्या भाषेत ती करवलेली हिंसा होय. म्हणून साथीच्या काळात आजारी प्रवाशाला डॉक्टरच्या साध्या चिठ्ठीवर तारीख विनाखर्च बदलून मिळावी, ही तरतूद पुढची साथ येण्याची वाट न पाहता विमान वाहतुकीच्या नियमांत घातली जावी, आणि तिची मागणी सर्वांत आधी अहिंसेला धर्म मानणाऱ्या व्यापारी समाजाने करावी.